पातळ रश्शाचा हंगाम

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आमच्या माधवनगरच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. धुळीत उसाची चिपाडं पडतात, हवा सकाळची जरा बोचायला लागते, आणि एक दिवस गिरणीच्या मैदानावर पांढरी फक्की पडते. मैदानाच्या रेषा आखायची ती चुन्याची भुकटी. कामावर जाताना तिचा वास आला, की मी स्कूटी थांबवून मिनिटभर उभी राहते. मागून कुणीतरी हॉर्न वाजवतंच. यंदाही वाजवला आणि यंदाही मी हलले नाही.

मी मूळची फलटणची. माहेरी सगळा हिशेब कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. फुटबॉल म्हणजे काहीतरी पायाने खेळतात, एवढंच ठाऊक होतं. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच थंडीत वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर तारेवर ओळीने पिवळ्या जर्सी. माझी नवी साडी कोपऱ्यात गोळा करून ठेवलेली. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या खालून ओरडल्या, "सुनंदा, त्या पिवळ्यास्नी हात लावू नगंस! तुजं मामा खुळं हुत्यात!"

मामा म्हणजे माझे सासरे. गावाचे आण्णा. कापडाची गिरणी चालू होती तेव्हा ते तिथे साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि ती बंद पडल्यावर त्यांनी दोन यंत्रमाग टाकले. पण त्यांना विचारलं तर ते सांगणार, मी पिवळ्यांचा खजिनदार. क्लबचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पावतीवर मावत नाही एवढं. सगळे म्हणतात पिवळे. हळदीच्या एका आडत्याने कधीकाळी जर्सीचा पहिला संच दिला, त्याला दुसरा रंग आवडला नसणार.

मी पतसंस्थेत नोकरी करते. हप्ता थकलेला माणूस मला चालीवरून ओळखू येतो. त्यामुळे लग्नानंतर महिन्याभरातच माझ्या लक्षात आलं, की पिवळ्यांच्या क्लबची चाल तशीच आहे. मामा रोज संध्याकाळी चहा पिता पिता म्हणायचे, "क्लबची तब्येत जरा बरी न्हाई." जणू घरात कुणी आजारी आहे. मग एकेक दुखणं सांगायचे. पंचांचं मानधन. धूळ बसवायला पाण्याचा टँकर. गुडघ्याच्या पट्ट्या, केळी, परगावी जायला टेम्पो. वर्गणी द्यायला यंत्रमागवाले होते, पण माग बंद असले की वर्गणी बंद, आणि माग चालू असले की मालक भेटायचे बंद.

आणि माईकवरची बक्षिसं. आमच्याकडे सामना रंगला की एखाद्याला भरून येतं. तो माईकवाल्याच्या कानात काहीतरी सांगतो आणि सगळ्या मैदानाला ऐकू जातं, अमुक अमुक यांच्याकडून पुढचा गोल करणाऱ्यास रोख पाचशे रुपये! टाळ्या पडतात. गोलही पडतो. पाचशे मात्र माईकमध्येच राहतात. मामा ही रक्कम 'हवेतली जमा' म्हणायचे आणि ती सोडून हिशेब करायचे. हा माणूस माझ्या पतसंस्थेत असता तर आमची निम्मी डोकेदुखी कमी झाली असती, असं मला मनापासून वाटायचं.

पण क्लबचं खरं दुखणं वेगळंच होतं. ते होतं जिंकण्याचं.

पिवळ्यांची रीत अशी, की कप आला की त्याच संध्याकाळी आमच्या पेठेत कपाचं जेवण. मटणाचंच. त्या दिवशी पेठेत कुणाच्या घरी चूल पेटायची नाही. हलगी, गुलाल, मिरवणूक, आणि मग मैदानाच्या कडेला पंगती. पण पहिली पंगत पेठेची नाही. पहिली पंगत हरलेल्या टीमची. गिरणीच्या काळात बाहेरगावच्या टीम एसटीने यायच्या आणि सामना लांबला की शेवटची गाडी चुकायची. तेव्हा गिरणीतल्या कुणीतरी म्हटलं, की हरवलंय ते हरवलंय, पण उपाशी लावून द्यायचं नाही. एसटीचा प्रश्न पुढे मिटला. सगळ्या टीमकडे गाड्या आल्या. रीत तेवढी राहिली. हरलेली टीम आधी जेवते आणि आपले खेळाडू वाढतात. ज्याने गोल घातला त्याने ज्याला घातला त्याच्या ताटात रस्सा ओतायचा. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग नाही.

आता यातला हिशेब बघा. बक्षिसाची रक्कम एकीकडे आणि सबंध पेठेचं मटण दुसरीकडे. लहान स्पर्धेत तर बक्षीस मसाल्यातच संपायचं. मामांनी मला एकदा चहाच्या बशीवर बोटाने रेघ ओढून समजावलं.

"दुसरा नंबर लय चांगला, पोरी. पैसं बी येत्यात, नाव बी हुतंय, आन् जेवण बी घालावं लागत न्हाई."

"मामा, तुमी पिवळ्यांचं खजिनदार हाय का समोरच्या टीमचं?" मी म्हटलं. नवी असले तरी मला गप्प बसायची सवय नव्हती.

ते हसले नाहीत. "पहिला नंबर आपल्याला परवडत न्हाई," म्हणाले. "ह्यो जल्मभराचा अनुभव हाय."

म्हणून अंतिम सामन्याला मामा मैदानाकडे पाठ करून बसायचे. टँकर मैदानाच्या पार कोपऱ्यात उभा असायचा, त्याच्या मागच्या चाकाशी ते खुर्ची टाकायचे, तोंड रस्त्याकडे करून. लोकांना वाटायचं आण्णांना ताण सहन होत नाही. तो होताच. पण पाठ करण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते फक्त मला आणि त्यांनाच ठाऊक होतं. जिंकावं असं वाटणाऱ्या माणसाने हरण्याची वाट बघायची म्हणजे डोळ्यांसमोर सामना नको.

ज्या हंगामाबद्दल मी सांगतेय, त्या हंगामात पिवळ्यांना जणू पिसंच लागलं होतं.

झालं असं, की पेठेतला विलास फौजी साठवलेली सगळी रजा घेऊन घरी आला. बायको बाळंत व्हायची होती, त्याला अजून अवकाश होता, आणि हा मोकळा माणूस सेंटर फॉरवर्डला उभा राहिला. पलटणीच्या टीममध्ये खेळून त्याचे पाय असे तयार झालेले, की चेंडू त्याच्याकडे गेला म्हणजे लोक आधीच उभे राहायचे. आणि गोलात आमचे हे. माझे यजमान महेश. एरवी घरात हातातून पेला सुटणारा माणूस, पण तिथे दोन खांबांच्या मधे उभा राहिला की त्याच्याकडे बघत राहावं. मी बघत राहायचेच. माग बंद करून हे सरळ मैदानावर यायचे, दंडावर सुताचे कण चिकटलेले असायचे.

पहिली स्पर्धा जिंकली. जेवण झालं. दुसरी स्पर्धा जिंकली. पुन्हा जेवण झालं. दोन्ही वेळा रशीदभाईंनी मटण केलं. रशीदभाई म्हणजे पेठेचे खाटीक आणि आचारी दोन्ही. त्यांच्या रश्शाचा वास माधवनगर फाट्यापर्यंत जातो. दुसऱ्या जेवणानंतर त्यांनी मामांना विचारलं, "आण्णा, तिसरी बी हाय काय?" त्यात आनंद होता की धास्ती, मला आजही सांगता येणार नाही.

मामा त्या दिवसांत वाळले. लोक मिठ्या मारायचे, अभिनंदन करायचे, आणि हे आपले कसनुसं हसायचे. पुढच्या वर्षीच्या जिल्हा लीगची नोंदणी तोंडावर आली होती. ती फी मुदतीत भरली नाही तर क्लबचं नावच लागणार नव्हतं. मामांनी त्यासाठीचे पैसे कसेबसे बाजूला काढले आणि माझ्याकडे आणून दिले.

"तुज्या कपाटात ठिव. साडीखाली. मी मागितलं तरी देऊ नगंस."

तिसऱ्या स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता आणि समोर टीम कुठली, तर फलटणची. माझं माहेर. आदल्या दिवशी मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन घुटमळले. आत्या भाकरी थापत होत्या, मी पिठलं हलवत होते.

"महेशला जरा सांगतीस काय," मामा हळूच म्हणाले. "म्हणावं, लय जिवावर उदार हुऊ नगंस. दुखापत हुतीया."

"दुखापतीची काळजी हाय व्हय मामा?"

"तुज्या म्हायेरचीच पोरं हायत की ती! जिंकली तर तुलाबी बरंच वाटंल."

आत्यांनी परातीतून मान वर केली. "काय वो, लाज हाय का न्हाई? पोरगं गोलात आन् बाप हरायला बसलाय!"

मामा निघून गेले. मी ह्यांना काही सांगितलं नाही. सांगून ऐकणारा माणूस असता तर तो गोलकीपर झाला नसता.

तो सामना मला जशाच्या तसा आठवतो, पण त्यातले गोल नाही आठवत. आठवतं ते ऊन, उसाच्या ट्रॉलीवर चढून सामना बघणारे तोडकरी, माझ्या शेजारी भडंग खात बसलेल्या बायका, आणि टँकरच्या चाकाशी मामांची पाठ. पांढरा सदरा, मानेपाशी घामाने चिकटलेला. बरोबरी झाली. जादा वेळ झाला, तरी बरोबरीच. मग पेनल्टी. मैदान एकदम असं गप्प झालं की ट्रॉलीच्या ट्रॅक्टरचं इंजिन ऐकू यायला लागलं. मी ह्यांच्याकडे बघायचं सोडून मामांकडेच बघत होते. त्यांचा उजवा पाय हलत होता. पोटात क्लबची फी आणि पायात पिवळा, अशी त्या माणसाची ओढाताण चालली होती.

फलटणचा शेवटचा खेळाडू आला. विलास फौजीने आधीच आपली मारून ठेवली होती, म्हणजे ही अडवली की कप आमचा. त्या पोराने मारली, आणि हे डावीकडे असे झेपावले, की खांदा जमिनीवर आपटल्याचा आवाज मी बसले होते तिथवर आला. चेंडू हाताला लागून बाहेर.

सगळ्यात आधी मैदानात कोण घुसलं? मामा. कधी वळले, कधी उठले, कुणालाच कळलं नाही. खुर्ची उलटी, एक चप्पल टँकरखाली, आणि धोतराचा सोगा हातात धरून म्हातारा फक्कीच्या रेषा पुसत धावतोय. ह्यांच्या अंगावर पडून ते रडले. मोठ्याने. मीही रडले. माझ्या माहेरची टीम हरली होती आणि मी आनंदाने रडत होते, सासरची झाले म्हणतात ते त्या दिवशी.

थोड्या वेळाने मी घरी हातपाय धुवायला आले, तर मामा मागोमाग दारात. डोक्यापासून गुलाल, पायात एकच चप्पल. त्यांनी हात पुढे केला.

"साडीखालचं दे."

"मामा, ते नोंदणीचे हायत. तुमीच म्हणला हुता, मागितलं तरी देऊ नगंस."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"फलटणची पोरं थांबल्यात, पोरी," ते म्हणाले. "नळावर तोंड धुत्यात. त्यास्नी काय सांगू?"

मी पतसंस्थेत भल्याभल्यांना नाही म्हटलंय. त्या गुलालाच्या तोंडाला नाही म्हणता आलं नाही. मी साडी उचलली आणि पैसे त्यांच्या हातावर ठेवले. खरं सांगायचं तर मला ते द्यायचेच होते.

ते पैसे आणि कपाचं बक्षीस मिळूनही पेठेला पुरेल एवढं मटण येत नव्हतं. रशीदभाईंनी आलं तेवढं मटण बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि पातेल्यात पाणी ओतलं. मग आणखी ओतलं. "आण्णा, आज रस्सा जरा पातळ हुणार. पर चव सोडणार न्हाई," म्हणाले. मग आत्या पदर खोचून उठल्या. प्रत्येक घरातून भाकरी आल्या, कुणी कांदे आणले, कुणी खोबरं भाजून आणलं. कपाच्या दिवशी पेठेत चूल पेटत नाही ही रीत त्या दिवशी मोडली. सगळ्या चुली पेटल्या होत्या.

आणि पहिल्या पंगतीला माझ्या माहेरची पोरं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीच्या सासरी पाण्यासारखा रस्सा मिळाला, हे उद्या फलटणला सांगणार! ज्याची पेनल्टी अडवली गेली तो पोरगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या वाटीत रस्सा ओतायला हे गेले, एक खांदा सुजलेला, दुसऱ्या हातात ओगराळं. त्या पोराने वाटी तोंडाला लावली. तळ दिसेपर्यंत प्याला. मग वाटी पुढे करून म्हणाला, "आजून वाढा की. लय भारी झालाय." हे हसले. तोही हसला. तिखटाने दोघांच्या नाकातून पाणी.

पुढे काय व्हायचं ते झालंच. फी भरली गेली नाही. पुढच्या थंडीत लीगच्या यादीत पिवळे नव्हते. विलास फौजी मुलीचं तोंड बघून पलटणीत परतला होता. आमचे हे लाल जर्सी घालून दुसऱ्याच टीमच्या गोलात उभे राहिले आणि घरी आले की कुणाशी बोलायचे नाहीत. मामांना कुणी दोष दिला नाही, पेठेतला प्रत्येक जण तो रस्सा प्यायला होता. पण मामा मैदानावर गेले नाहीत. हंगाम लागला तसे एक दिवस गच्चीवर दिसले. कुणी न घातलेल्या पिवळ्या जर्सी त्यांनी धुतल्या होत्या आणि तारेवर वाळत घालत होते. मी माझी साडी आपणहून कोपऱ्यात सरकवली.

त्या वर्षीच्या सभेत मामांनी राजीनामा दिला आणि खजिनदार म्हणून माझं नाव सुचवलं. बाई खजिनदार म्हटल्यावर काहींनी माना वळवल्या, पण फी कोण भरणार या प्रश्नावर त्याच माना खाली गेल्या.

मी काय केलं? आधी हवेतली जमा जमिनीवर आणली. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढायची आणि माईकवर बक्षीस जाहीर करणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. "दादा, काल तुमचं नाव सगळ्या मैदानानं ऐकलं. छान वाटलं." बायकोसमोर म्हटलं की माणूस लगेच पाकीट काढतो. मैदानाभोवती फलक लावले, भडंगवाल्याचा, पिठाच्या गिरणीचा, चष्म्याच्या दुकानाचा. वर्गणी महिन्याच्या महिन्याला केली. आणि ठराव करून कपाचं जेवण बंद केलं. त्याऐवजी साताऱ्याचे कंदी पेढे. सभेत सगळ्यांनी हात वर केले. आत्या घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "पेढं काय, कुनीबी वाटतंय."

आज पिवळ्यांची तब्येत ठणठणीत आहे. नोंदणी हंगामाच्या आधीच भरलेली असते. बँकेत ठेव आहे. पोरांना चांगले बूट आहेत. आमचे हे आता पोरांना गोलकीपिंग शिकवतात. हिशेब तपासणारे साहेब दरवर्षी माझं कौतुक करतात आणि मला ते आवडतं, कशाला खोटं बोलू?

पण तेव्हापासून कप आला नाही. पिवळे अंतिम सामन्यात जातात आणि दुसरे येतात. खजिनदाराला हवं तसं. पेढ्यांची ऑर्डर द्यायची वेळच येत नाही. बाकीच्या टीम जोरदार झाल्यात, बाहेरून खेळाडू आणतात, हे खरंच. तरी मला कधीकधी वाटतं, की शेवटच्या मिनिटाला पोरं ज्याच्यासाठी धावायची, ते मी ठरावाने काढून टाकलं. वाटतं आणि टोचतं.

यंदा पुन्हा फक्की पडली. पुन्हा पिवळे अंतिम सामन्यात, आपल्याच मैदानावर, येत्या रविवारी. काल स्कूटी थांबवून मी तिथे उभी राहिले, मागून हॉर्न वाजला, आणि पतसंस्थेकडे वळायचं सोडून मी सरळ रशीदभाईंच्या दुकानात गेले. आता दुकान त्यांचा मुलगा बघतो, पण पातेल्याला ते स्वतःच हात लावतात. आत शिरायच्या आधी दारातूनच कमिटीतल्या सगळ्यांना फोन केले. एकानेही नाही म्हटलं नाही. एक जण तर फोनवर नुसताच हसत राहिला.

"रविवारी पेठेचं जेवण," मी म्हटलं. "हा विसार घ्या."

रशीदभाईंनी पैशाकडे बघितलं नाही. "वैनी, सामना व्हायचा हाय आजून. हरलो तर?"

"तर काय? हरलेली टीम आधी जेवती. आमी आधी बसू."

ते इतके हसले, की आतून त्यांचा मुलगा बाहेर आला. "आन् रस्सा?" त्यांनी विचारलं. "दाट का पातळ?"

"पैसं दाट रश्शाचं देतीया," मी म्हटलं. "पर एक पातेलं पातळ करा. मामांसाठी."

संध्याकाळी घरी आले. मामांचे गुडघे आता गेलेत. मैदानावर ते फार क्वचित येतात, आणि आले तरी हे त्यांची खुर्ची जुन्या जागी, टँकरच्या चाकाशी मांडतात. तोंड रस्त्याकडे. सवयीने. मी त्यांच्या हातात चहा दिला आणि जेवणाचं सांगितलं.

त्यांनी कप उचलून बाजूला ठेवला. मग बशीवर बोटाने रेघ ओढली, तशीच, पूर्वीसारखी.

"फी भरलीया?"

"कवाच."

"जेवण करून बी उरतंय?"

"उरतंय, मामा."

"म्हंजी जिंकलो तर चालतंय."

"चालतंय."

त्यांचा उजवा पाय हलायला लागला. मला तो दिसला आणि माझे डोळे भरले, तशी मी उगाच स्वयंपाकघराकडे वळले. मागून त्यांनी ह्यांना हाक मारली, चांगली खणखणीत, शेजारच्यांनाही ऐकू जाईल अशी.

"महेश! रविवारी माजी खुर्ची टँकरकडं नगं रं. म्होरं मांड, गोलाम्होरं!"